बाटली क्रमांक एक्केचाळीस

देवगडहून मावसबहिणीची पिशवी आली की शेवंतीबाई ती दोन दिवस उघडत नसत. कपाटात नऊवारी साड्यांच्या मागे ढकलून ठेवायच्या आणि घरातली दोघं, मुलगा सर्वेश आणि सून ऋजुता, एकाच वेळी बाहेर जायची वाट पाहायच्या. मग खोलीचं दार लावायचं, खिडकी लावायची, पिशवीची गाठ सोडायची आणि डोळे मिटून नाक आत खुपसायचं.

गेली पाच वर्षं त्या हे करत होत्या आणि पाच वर्षं पिशवीतून कसलाच वास येत नव्हता.

पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, माल जुना असेल. बहिणीला फोनवर तसं बोलूनही दाखवलं. ती रागावली. "शिळो माल तुका धाडीन? माझ्या हातान सुकवलेलो आसा." दुसऱ्या वर्षी त्यांनी समजूत घातली की आपलंच वय झालं. डोळ्यांत मोतीबिंदू आले, गुडघे गेले, तसं आता नाकही एकेक वास सोडायला लागलं. चौऱ्याहत्तर वर्षं पुरलं, हेच खूप. पण पिशवी यायची बंद करा असं काही त्या बहिणीला सांगू शकल्या नाहीत. पुन्हा गाठ मारून साड्यांमागे ठेवायच्या आणि आठवडाभराने हळूच खालच्या कचऱ्यात टाकून यायच्या.

एके काळी त्या नाकाचं वाडीत कौतुक होतं. शेवंतीची आई भागीरथी खाडीपलीकडच्या वाडीत मासळी सुकवायची आणि आठवड्याच्या बाजारात विकायची. शेवंती आठ वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसायची. बोंबील कोणत्या दिवशी वाळत घातला, मध्येच पावसाचा शिंतोडा लागला का, मीठ खाडीचं की विकतचं, हे ती वास घेऊन सांगायची. आई लेकीकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना म्हणायची, "माझ्या चेडवाक इचारा. ता खोटा बोलाचा नाय."

आईच्या अंगाला, लुगड्याला, उशीला तोच वास असायचा. शाळेत जाताना आई शेवंतीचे केस शिकेकाईने दोनदा धुऊन द्यायची, वर सुरंगीचा गजरा माळायची. तरी बाकावरच्या मुली सरकून बसत. त्या कुणी वाईट बोलत नसत. नुसत्या सरकत. बसमध्ये आई टोपली घेऊन चढली की बायका पदर नाकाला लावत आणि आई मागच्या चाकावरची जागा स्वतःहूनच धरायची. घरी येऊन शेवंती उशीत तोंड खुपसायची. तिथे तो वास असायचा आणि त्या वासात सरकून जाणारं कुणी नसायचं.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी ती पुण्यात आली. मेथर हे मासळीवाल्यांचं आडनाव ऐकून दोन घरं हातची गेली. तिसऱ्या घरमालकाला नवऱ्याने 'देवगडकर' सांगितलं, आणि हापूस आंब्याच्या गोष्टी सांगत घरमालकाने किल्ली दिली. पुढे तेच आडनाव कागदावर गेलं, सर्वेशच्या शाळेच्या दाखल्यावर गेलं. नवरा गेला त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. सुनेला सासूचं माहेर आंब्याच्या बागांमधलं आहे एवढंच माहीत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. बागा होत्या, फक्त दुसऱ्यांच्या होत्या.

*

सोसायटीत यंत्रनाक बसलं त्याला पाच वर्षं झाली.

त्याआधी दर सभेत वासावरून भांडणं होत. कुणाची हिंगाची फोडणी, कुणाचं मोहरीचं तेल, कुणाच्या घरी शुक्रवारी काय शिजतं. सर्वेश तेव्हा नुकताच सेक्रेटरी झाला होता. त्यानेच ही कंपनी शोधून काढली. "वासच आला नाही तर भांडण कशावरून होणार? ज्याला जे खायचं ते खा," असं तो सभेत म्हणाला आणि टाळ्या पडल्या. त्या दिवशी शेवंतीबाईंना मुलाचा अभिमान वाटला होता.

यंत्र समजावून सांगायला कंपनीची केतकी नावाची मुलगी आली होती. हुशार आणि बोलायला मोकळी. ती म्हणाली, आपल्या नाकात सुमारे चारशे प्रकारची कुलपं असतात. वासाचे कण म्हणजे किल्ल्या. एकेका पदार्थाच्या वासात अशा अनेक किल्ल्या असतात, त्या एका वेळी काही कुलपं उघडतात आणि मेंदूला कळतं, हा मोगरा, ही कॉफी. आम्ही तीच चारशे कुलपं प्रयोगशाळेत वाढवून एका चकतीवर बसवली आहेत. भिंतीतली चकती हवा हुंगते, वास ओळखते. मग नळकांड्यातून फार थोड्या प्रमाणात दुसरे कण हवेत सुटतात. ते कुलपात शिरतात, पण कुलूप उघडत नाहीत. मोडकी किल्ली आत अडकून बसावी तसं. खरी किल्ली आली तरी आत जाऊ शकत नाही. हवा तीच, पदार्थ तोच, तुम्हाला फक्त वास येत नाही. मोकळ्या हवेत तासाभरात कुलूप पुन्हा रिकामं होतं. कसलाही अपाय नाही.

"पण कुठला वास चांगला आणि कुठला वाईट, ते यंत्राला कसं कळतं?" ऋजुताने विचारलं होतं.

"नाही कळत," केतकी म्हणाली. "ते कणांत लिहिलेलं नसतं. ते माणसानेच सांगायचं."

म्हणून क्लबहाउसमध्ये बारा बायकांना बसवलं. समोर साठ बाटल्या. प्रत्येकीने वास घ्यायचा, काय आहे ते लिहायचं आणि पुढे खूण करायची: 'हवा' किंवा 'नको'. 'नको' असेल तर किती नको, एक ते दहा.

शेवंतीबाईंनी त्या दिवशी धमाल उडवून दिली. तूप परवाचं आहे, म्हणाल्या. ही वेलची जुनी, ही नवी. हे चंदन नव्हे, चंदनाचा साबण आहे. बायका भोवती जमल्या. केतकी हातातलं काम सोडून बघत राहिली. "आजी, असं नाक मी आयुष्यात पाहिलं नाही." किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्या नाकाचं कौतुक करत होतं.

मग एक्केचाळीस नंबरची बाटली आली.

झाकण उघडलं आणि आई समोर येऊन बसली. गोलमो. सुकवलेला बारीक जवळा. वाळूवर नव्हे, मांदरीवर, चटईवर सुकवलेला, दोन दिवसांच्या कडक उन्हात.  शेजारची बाई "शी, काय आहे हे" म्हणत मागे सरकली. अगदी तशीच सरकली. आणि मग अकरा जणींनी शेवंतीबाईंकडे पाहिलं, कारण आतापर्यंत प्रत्येक वेळी त्याच नाव सांगत होत्या.

"कसलं आहे आजी?"

"काहीतरी कुजलेलं," शेवंतीबाई म्हणाल्या. आणि कागदावर 'नको' लिहिलं. पुढे दहा. इतर बायकांनी सहा, सात असे आकडे लिहिले होते. आपल्यावर शंका येऊ नये म्हणून त्यांनी दहा लिहिलं.

केतकीने निघताना आनंदाने सांगितलं, "तुमचं नाक सगळ्यांत अचूक निघालं, आजी. जिथे आकडे जुळले नाहीत तिथे यंत्रात तुमचाच आकडा धरलाय. ही यादी आम्ही दुसऱ्या सोसायट्यांनाही देणार."

*

एका मंगळवारी लिफ्ट दुरुस्तीला काढली होती. देवळातून आलेल्या शेवंतीबाई गेटजवळच्या बाकावर दीड तास बसून होत्या. ऊन उतरत होतं. गेटवर एक मुलगी पहारेकऱ्याशी बोलत होती. पंचविशीची, निळ्या पट्ट्यांचा नर्सचा कोट हातावर घेतलेली.

"परत एकदा हुंगू दे ना यंत्राला," ती म्हणत होती. "कपडे धुऊन आलेय मी."

"मॅडम, तीनदा झालं. नियमात अहवाल बसत नाही. मी काय करू?"

मुलगी वळली, गेटबाहेर कठड्यावर ठेवलेली कापडी पिशवी उचलली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. पिशवी मध्ये ठेवली. वाऱ्याची एक झुळूक आली.

शेवंतीबाईंनी मान वळवली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग मुलीकडे. पुन्हा श्वास घेतला. हळू, भीत भीत, कारण गेलं तर पुन्हा येणार नाही असं वाटत होतं. पण ते होतं. खारट, उन्हाचं, तळाशी किंचित गोड. आईची उशी.

"वाळूर सुकवलेलो नाय ह्यो," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "मांदरीर."

मुलीने चमकून पाहिलं. "तुमका कसा कळला?"

"नाकाक कळता गो. काय आसा पिशयेत? गोलमो?"

"आवशीन धाडल्यान हा." मग तिचा आवाज बदलला. "आजी, तुमी रडतास कित्याक?"

"खंयची गो तू?"

"शिरोड्याची. प्रज्वला तारी."

दोघी बराच वेळ बोलल्या. कितीतरी वर्षांत शेवंतीबाई एवढं मालवणी बोलल्या नव्हत्या. शब्द अडखळत येत होते, मग सुटले. प्रज्वला जवळच्याच इस्पितळात नर्स होती. वसतिगृह महिनाअखेर बंद होत होतं. दुसऱ्या मजल्यावरची परदेशी गेलेल्या मालकाची जागा तिला आवडली होती. मालकही तयार होता. पण गेटवरचं यंत्र भाडेकरूचे कपडे, केस, हात हुंगतं आणि कमिटीला अहवाल देतं. हे शेवंतीबाईंना माहीत नव्हतं. यंत्र वास अडवतं एवढंच त्यांना ठाऊक होतं. माणसं अडवायचं काम त्याला कधी दिलं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

"ही पाचवी बिल्डिंग," प्रज्वला म्हणाली. "कोणी काही वाईट बोलत नाहीत हां. सगळे गोड बोलतात. 'आमचं काही नाही, अहवाल नियमात बसत नाही.' आधी निदान जात विचारायचे तेव्हा भांडता तरी यायचं. यंत्राशी काय भांडू? एक्केचाळीस नंबर, दहापैकी दहा. सगळीकडे तेच लिहून येतं. कोण तो दहा देणारा, मला एकदा बघायचाय."

शेवंतीबाईंनी पदराने डोळे पुसले. 

"नायतर घराक परत जातंय," प्रज्वला उठत म्हणाली. "तिथल्या दवाखान्यात बघीन काहीतरी."

*

दोन दिवसांनी केतकी नळकांडी बदलायला आली. शेवंतीबाईंनी तिला चहाला बसवलं आणि सरळ विचारलं, "एक्केचाळीस नंबर काढून टाकता येईल?"

"का आजी?"

"मला वाटलं होतं माझं नाक गेलं. नाक आहे. तुझ्या मोडक्या किल्ल्या अडकल्यात त्यात."

केतकीने कप खाली ठेवला.  "तो तुम्हाला हवा असलेला वास होता?"

"माझ्या आईचा होता."

"मग दहा का दिलेत?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा चेहरा बदलला. उत्तर तिला मिळालं असावं. "मी एकटी नाही बदलू शकत, आजी. यादी सोसायटीच्या मालकीची आहे. सभेत ठराव झाला तरच नंबर निघतो. गेटचा अहवालही कमिटीनेच मागवला होता. सर्वेशसरांची सही आहे."

संध्याकाळी सर्वेश आल्यावर त्यांनी त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढायचा थांबला.

"आई, रविवारच्या सभेत तू असलं काही बोलणार नाहीस."

"त्या मुलीकडे महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे."

"तिला मी दुसरीकडे घर शोधून देतो."

"दुसरीकडेही माझाच आकडा आहे."

सर्वेश बसला. चाळीस वर्षांचा पोरगा एकदम दमलेला दिसला. "बाबांनी नाव बदललं ते कशासाठी? माझ्या बाकावरून कुणी सरकू नये म्हणून ना? कुणी सरकलं नाही. मी सेक्रेटरी झालो. आता तू उठून सांगणार की आम्ही सगळे खोटं बोलत होतो."

"तुम्ही नाही रे. मी लिहिलं ते."

आतल्या खोलीच्या दारात ऋजुता उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. ती कुकर लावायला गेली.

*

रविवारी सकाळी क्लबहाउस भरलं होतं. अध्यक्ष नानांनी पाण्याच्या टाकीचा विषय संपवला, मग म्हणाले, "दोनशे चारच्या भाडेकरूचा अर्ज. अहवाल प्रतिकूल आहे. नामंजूर, पुढचा विषय..."

"नाना, मला बोलायचंय," शेवंतीबाई म्हणाल्या.

"बोला ना आजी. पण बसूनच बोला, गुडघे दुखतात तुमचे."

त्या उभ्या राहिल्या. पुढच्या खुर्चीची पाठ धरली. सर्वेश वहीत बघत होता.

"त्या मुलीच्या अहवालात दहापैकी दहा लिहिलंय. ते दहा मी दिलेत."

"हो, तुमच्या नाकाचं काय सांगावं," कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

"माझं नाक चांगलं आहे, कारण मी सुकी मासळी विकत मोठी झाले. आमचं खरं आडनाव मेथर. माझी आई भागीरथी. डोक्यावर टोपली घेऊन बाजारात जायची. मी तिच्या शेजारी बसायचे. ती बाटली उघडल्यावर मला एका श्वासात कळलं काय आहे ते. मी म्हटलं, कुजलेलं. मी खोटं बोलले. त्याला दहा दिले, कारण कुणी माझ्याकडे बघू नये. तुम्ही बघत होतात सगळ्या."

हसू थांबलं होतं. 

"आजी, तुमच्या भावना कळतात," तिसऱ्या मजल्यावरच्या वैदेहीताई म्हणाल्या. "आमचा त्या मुलीला विरोध नाहीच. नर्स आहे, चांगली असेल. फक्त वास."

"वास म्हणजे ती मुलगीच आहे, वैदेही. तो वास तिच्या घराचा आहे. तो धुऊन येत नाही. मी पन्नास वर्षं धुतेय."

"मग उद्या सगळ्यांनीच सगळं शिजवायचं का?" नाना म्हणाले. "यंत्र आणलंच कशाला?"

"खातं कोण काय, त्यावर भांडण नको म्हणून आणलं. ते मला पटलं होतं. पण आता दारावर उभं राहून ते माणसं परत पाठवतं, आणि आपण म्हणतो आम्ही कुठे काय बोललो. शाळेत माझ्या बाकावरच्या मुलीही काही बोलत नव्हत्या."

मागच्या रांगेतून सहाव्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर उठले. एरवी ते सभेत पेंगत असत. त्यांनी घसा खाकरला. "आता निघालंच आहे तर सांगतो. आम्ही दोघं दर रविवारी गाडी घेऊन टेकडीवर जातो. फिरायला जातो असं सांगतो. गाडीत काचा खाली करून बोंबील खातो. वीस वर्षं झाली."

त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला. "सांगितलं ना एकदाचं. मी म्हणतेय, त्या गाडीचं सीट कव्हर बदला." आता मात्र सभा मोकळेपणाने हसली. नाना सोडून.

ठराव मांडला गेला. एक्केचाळीस नंबर यादीतून काढावा, गेटवरचा अहवाल बंद करावा. वैदेहीताईंनी हात वर केला नाही. बरेच हात वर झाले नाहीत. सर्वेश एकेक हात मोजत होता. 

"समसमान," तो म्हणाला.

"सेक्रेटरींनी स्वतःचं मत मोजलेलं नाही," ऋजुता कोपऱ्यातून म्हणाली.

सर्वेशने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. गुडघे धरून ती हळूहळू खाली बसत होती, आणि शेजारची बाई तिला आधार द्यायला पुढे झाली होती. सर्वेशने पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

*

प्रज्वला पुढच्या आठवड्यात राहायला आली. भांडी दोन, गादी एक, आणि ती कापडी पिशवी. जुनी नळकांडी निघून चार दिवस झाले होते. शेवंतीबाई रोज सकाळी पॅसेजमध्ये उभ्या राहून श्वास घेऊन बघत. पहिल्यांदा फिनेल आलं, मग कुणाकडची शेंगदाण्याची चटणी, मग अगरबत्ती. पण तो वास नव्हता.

रविवारी दुपारी प्रज्वलाने त्यांना जेवायला बोलावलं. जिन्यातच तो त्यांना भेटला. कढत तेल, लसूण, भाजलेला गोलमो. त्या कठडा धरून दोन मिनिटं उभ्या राहिल्या.

जेवताना प्रज्वलाने विचारलं, "कसो झालो?"

शेवंतीबाईंनी आणखी एक घास घेतला. त्यात तिरफळ होतं. त्यांची आई तिरफळ घालत नसे, ती वरून कच्चा कांदा आणि आमसुलाचं पाणी घालायची. कितीही श्वास घेतला तरी हा वास भागीरथीच्या घरातला होत नव्हता. ते घर पडून गेलं होतं. ती उशी, ती मांदरी, उन्हात उलटी-सुलटी केलेली मूठभर मासळी, काहीच आता कुठे नव्हतं. हा शिरोड्याच्या एका घरातला वास होता, कुणा दुसऱ्याच आईच्या हातचा.

"बरो झालो," त्या म्हणाल्या. "तुझ्या आवशीचो हात आसा तुका. ती कशी करता, सांग माका सगळा."

प्रज्वला सांगू लागली. गोलमो आधी कोरडाच भाजायचा, मिरची मोडून घालायची, आईचा तवा कसा एका बाजूला कललेला आहे, भाजताना ती कुठलं गाणं म्हणते. शेवंतीबाई खात होत्या आणि ऐकत होत्या.

दारावरची बेल वाजली. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा, जरा लांब. बाहेर वैदेहीताईंचा आवाज आला. "अहो, कोण आहे का घरात? जिन्यात उभं राहवत नाहीये."

प्रज्वलाचा घास हातातच राहिला. तिचा चेहरा गेटवर होता तसा झाला. ती ताट सरकवून उठायला लागली.

"बस तू," शेवंतीबाई म्हणाल्या. "गरम आसा तवसर जेव."

आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, आणि उष्ट्या हाताने दार उघडायला गेल्या.